आवाजाची ओळख आणि प्रभागातील मत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण गेली सहा वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका म्हणून काम करता, जोडीला गावातील घडामोडी सांगणारे स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवता, आणि सिंधुदुर्गातील ज्या नगरपंचायतीच्या हद्दीत राहता तिची मुदत २०२७ च्या आरंभी संपत असल्याने एका पक्षाने आपल्याला उमेदवारीविषयी विचारले आहे. प्रसारणातील ओळखीचा निवडणुकीत कितपत उपयोग होतो, उभे राहण्यापूर्वी आकाशवाणीचे काम सोडावे लागते का, आणि निवडून आल्यास चॅनेल चालू ठेवता येईल का, असे तीन मुद्दे आपण मांडले आहेत. मी बारा वर्षे नैमित्तिक उद्घोषक होतो. किनाऱ्यावरील एका नगरपरिषदेची निवडणूक २००६ मध्ये हरलो, २०११ मध्ये जिंकलो आणि २०१६ मध्ये पुन्हा हरलो. तीन निवडणुकांपैकी दोन हरलेल्या माणसाचा सल्ला कितपत घ्यावा हे आपण ठरवावे; मात्र हरण्याची कारणे मला जिंकण्याच्या कारणांपेक्षा अधिक स्पष्ट कळली आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२००६ मध्ये माझी अशी प्रामाणिक समजूत होती की निम्मे काम रेडिओने आधीच करून ठेवले आहे. मध्यम लहरींवरील केंद्राचा आवाज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत ऐकू जात असे, बाजारात भाजी घेताना तोंड उघडले की भाजीवाली मान वर करून पाहत असे, आणि एसटीच्या प्रवासात कंडक्टर तिकीट फाडता फाडता आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाविषयी बोलत असे. प्रचारात मी दारोदारी गेलो तेव्हा प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी आवाजाचे कौतुक झाले, आणि मते मात्र शेजारच्या वाडीतील एका माणसाला गेली, ज्याचा आवाज मी स्वतः त्या निवडणुकीपूर्वी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. तो माणूस वीस वर्षे प्रभागातील प्रत्येक मयताला लाकडे आणून देत होता, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री-अपरात्री रिक्षा घेऊन जात होता आणि गणपतीत मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या बंद घरांच्या चाव्या सांभाळत होता.

पराभवानंतर काही दिवसांनी मी एक उद्योग केला, जो आपणही निवडणुकीपूर्वीच करून पाहावा असे सुचवतो. पत्रोत्तराच्या कार्यक्रमात वाचलेली आणि पुढे मी आठवण म्हणून जपून ठेवलेली पोस्टकार्डे एका कापडी पिशवीत होती. ती जमिनीवर पसरून मी गावांप्रमाणे लावली. देवगड, राजापूर, लांजा, गुहागर, इतकेच काय गोव्यातील पेडण्याहूनही पत्रे होती. माझ्या प्रभागातून आलेले कार्ड एकच निघाले, आणि तेही सातवीत शिकणाऱ्या मुलाचे, ज्याला मतदानाचा अधिकार मिळायला अजून सहा वर्षे होती. आपल्या चॅनेलचे सदस्य किती आहेत याऐवजी त्यांतील किती जण आपल्या प्रभागाच्या मतदार यादीत आहेत हे मोजून पाहा. नगरपंचायतीत सतरा प्रभाग असतात आणि प्रत्येकातून एकच सदस्य निवडला जातो. त्यामुळे आपल्यासमोरचे मतदार काही शेकड्यांच्या घरात असतील. त्यांची नावे यादीत क्रमाने लिहिलेली आहेत, आणि एका संध्याकाळी वही घेऊन बसलात तर प्रत्येक नावापुढे ‘ओळख आहे’ किंवा ‘ओळख नाही’ असे लिहून होईल.

मतदारसंघ जितका मोठा तितकी प्रसारणातील प्रसिद्धी कामाला येते, आणि तो जितका लहान तितकी ती निरुपयोगी ठरत जाते, असे माझे मत आहे. २०१९ मध्ये शिरूर लोकसभा मतदारसंघातून डॉ. अमोल कोल्हे निवडून आले, तेव्हा दूरचित्रवाणीवरील त्यांच्या ऐतिहासिक भूमिकांनी घराघरांत निर्माण केलेली ओळख त्यांच्या उपयोगी पडली हे कोणी नाकारणार नाही. लाखो मतदारांपैकी बहुतेकांना उमेदवार प्रत्यक्ष भेटणे शक्यच नसते, तिथे पडद्यावरचा चेहरा हीच भेट ठरते. पण विधानसभेच्या पातळीवर येताच हे गणित डळमळते. ‘होम मिनिस्टर’ या पैठणीच्या खेळाचे निवेदक आदेश बांदेकर २००९ मध्ये शिवसेनेकडून मुंबईतील माहीममधून उभे होते, तेव्हा महाराष्ट्रातील गृहिणींना त्यांच्याइतका परिचित दुसरा निवेदक क्वचितच असेल. तरीही ती जागा मनसेच्या नितीन सरदेसाई यांनी जिंकली. त्या निकालाला शिवसेना आणि मनसे यांच्यातील मतविभागणीसारखी इतरही कारणे होती, म्हणून त्यावरून नियम काढू नये. तरीही एवढे दिसते की लोक पैठणीच्या खेळाला दाराशी आलेल्या भावोजींचे मनापासून स्वागत करतात आणि मत देताना वेगळा विचार करतात. प्रभागाच्या पातळीवर तर उमेदवाराचे आजोबा कोण, त्यांनी कोणाची वाट अडवली होती आणि कोणाच्या लग्नात ते जेवायला थांबले नव्हते, इथपर्यंतची माहिती मतदाराजवळ असते. त्यापुढे रेडिओ काय सांगणार?

आमच्या वाडीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजोबांनी २००६ च्या प्रचारात मला जे ऐकवले ते मी अद्याप विसरलो नाही. नमस्कार करून मी माझी ओळख सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “अरे बाबा, तुझो आवाज माका पाठ हा. नळाक पाणी कधी येतला, ता सांग.” मी पाणीपुरवठा योजनेची माहिती रेडिओच्या थाटात, अगदी आकड्यांसह दिली. ते ऐकून घेऊन घरात निघून गेले.

प्रसारणातून राजकारणात येणाऱ्या माणसाची खरी अडचण इथे आहे, आणि ती प्रसिद्धीपेक्षा सवयीची आहे. ध्वनिक्षेपण कक्षात शांतता हा दोष असतो. एक तबकडी संपली आणि दुसरी लागली नाही, किंवा वक्ता अडखळला, तर मधले काही सेकंदसुद्धा ड्यूटी ऑफिसरच्या अहवालात नोंदले जातात, आणि त्या भीतीने उद्घोषकाच्या अंगात अशी सवय भिनते की समोर पोकळी दिसली की ती शब्दांनी भरलीच पाहिजे. आपण सहा वर्षे माइकसमोर बसला आहात, तेव्हा ही सवय आपल्यातही असणार. प्रभागात मात्र मतदाराच्या मनातील मूळ गोष्ट बहुधा त्या पोकळीनंतरच बाहेर येते.

मला हे प्रथम जाणवले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. ११ तारखेला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा मासेमारीचा हंगाम चालू होता आणि अनेक नौका समुद्रात होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात एका कार्यक्रमासाठी बंदरावर जाऊन मच्छीमारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम माझ्याकडे आले. ज्याची नौका परत आली नव्हती अशा एका तांडेलासमोर, म्हणजे नौकेच्या प्रमुखासमोर, मी ध्वनिमुद्रक धरला आणि नुकसानीविषयी विचारले. तो बोलेना. मी पुढचा प्रश्न विचारणार एवढ्यात कोणीतरी मला बाजूच्या होडीवरून हाक मारली, मी मान वळवली, आणि ध्वनिमुद्रक चालूच राहिला. त्या बेसावध अर्ध्या मिनिटात तांडेल म्हणाला की पंचनाम्याला आलेल्या माणसाने नौकेची कागदपत्रे मागितली, आणि नोंदणीचे पुस्तक तर नौकेतच होते. केंद्रावर संकलन करताना मी ती शांतता कापली, कारण कार्यक्रम ठरलेल्या मिनिटांत बसवायचा होता; पण न कापलेले मुद्रण घरी पुन्हा ऐकले तेव्हा लक्षात आले की त्या संपूर्ण मुलाखतीत कामाचे वाक्य ते एकच होते, आणि ते माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर म्हणून आलेले नव्हते.

पुढचे काही महिने मी कार्यक्रमाव्यतिरिक्त, म्हणजे माझ्या स्वतःच्या वेळात, आमच्या बंदरातील ज्यांचे कागद समुद्रात गेले होते त्यांच्याबरोबर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊ लागलो. नोंदणीची नक्कल, विम्याचा कागद, डिझेल परताव्याच्या जुन्या पावत्या, सहकारी सोसायटीचा दाखला, असे एकेक जमवत गेलो. यात कोठेही आवाजाचा उपयोग नव्हता. उपयोग झाला तो उद्घोषकाच्या दुसऱ्या एका सवयीचा: कोणते काम किती वाजता झाले, कोणी काय सांगितले, पुढची तारीख कोणती, हे सारे लॉगबुकासारखे वहीत लिहून ठेवायचे. २०११ च्या निवडणुकीत मला मते मिळाली ती त्या वहीमुळे, असे मी समजतो. प्रचाराच्या काळात रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, एका घरी मी रेडिओचा विषय काढला, तेव्हा घरातील माणसाला मी रेडिओवर असतो हेच ठाऊक नव्हते.

निवडून आलो म्हणून सवय गेली असे मात्र झाले नाही, आणि तिची किंमत प्रभागाला मोजावी लागली. एका आळीत सार्वजनिक नळकोंडाळे हवे अशी मागणी होती. मी तिथे गेलो, एका वृद्ध बाईंनी बोलायला सुरुवात केली, त्या मध्येच थांबल्या, आणि मी लगेच अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश या पायऱ्या समजावून सांगू लागलो. त्यांच्या सुनेने एकदा “त्यांचा बोलणा पुरा होऊंदे” असे म्हटल्याचेही मला आठवते. पण माहिती देण्याच्या भरात मी ते मनावर घेतले नाही. सव्वा वर्षाने काम मंजूर झाले, ठेकेदाराने खोदाई केली, आणि दुसऱ्याच दिवशी भावकीतील एका हिस्सेदाराने हरकत घेतली, कारण आम्ही ठरवलेली जागा सामाईक सातबाऱ्यावर होती आणि त्यातील दोन हिस्सेदार मुंबईत असून त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. त्या बाई पहिल्या भेटीत थांबल्या होत्या त्या हेच सांगायचे की नाही या विचारात. भावकीतील भांडण बाहेरच्यापुढे काढताना माणूस थांबतोच. कोकणातील जमिनीचा प्रश्न ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मला तो माहीत होता, तरीही मी बोलत राहिलो. नळकोंडाळे शेवटी रस्त्याच्या पलीकडे, पंचवीस पावले दूर झाले, आणि त्या बाई ते कधीच वापरू शकल्या नाहीत, कारण मधला रस्ता चढाचा होता.

सभागृहात मात्र प्रसारणाचे प्रशिक्षण चांगले कामाला येते, हेही सांगितले पाहिजे. सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तीस-चाळीस विषय असतात, पहिल्या पाचांवर दोन तास वाद होतो आणि उरलेले शेवटच्या वीस मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत संपवले जातात; त्यातच ऐन वेळचे विषय येतात आणि खरे पैसे अनेकदा त्यांत असतात. घड्याळाकडे पाहून बोलण्याची सवय असलेला सदस्य दीड मिनिटात मुद्दा मांडू शकतो, आणि मुख्याधिकाऱ्यांना असा प्रश्न विचारू शकतो की ज्याचे उत्तर ‘पाहतो’ असे देता येणार नाही. मुलाखत घेताना आपण जसे ‘केव्हापासून?’ ‘किती?’ ‘कोणाच्या सहीने?’ असे लहान प्रश्न विचारतो, तसेच. मजकूर आधी वाचून येण्याची आपली शिस्तही दुर्मीळ आहे. अंदाजपत्रकाच्या सभेत पुस्तिकेचे पाकीट तिथेच फोडणारे सदस्य मी पाहिले आहेत. सभेचे इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होताना ते शब्दशः वाचावे, कारण ‘चर्चा झाली’ आणि ‘विरोध नोंदवला’ यांतील फरक दोन वर्षांनी चौकशी लागली की कळतो.

आकाशवाणीची प्रसारण संहिता हीदेखील एक शिदोरी आहे, पण दुधारी. कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, धर्म वा समाजाविषयी अवमानकारक बोलायचे नाही, न्यायालयाचा अवमान होईल असे काही म्हणायचे नाही, ही बंधने आपल्या जिभेवर इतकी मुरलेली असतात की कोपरा सभेत आपण आपोआप मुद्द्यांवर बोलतो. सभागृहात त्यामुळे विरोधकही आपले ऐकतात. कोपरा सभेत मात्र लोकांना नावे हवी असतात. आपल्याकडचा श्रोता दशावताराने तयार केलेला आहे. लिहिलेली संहिता नसताना रंगमंचावर उभ्या उभ्या रचलेले संवाद त्याने रात्र रात्र जागून ऐकले आहेत, त्यामुळे पाठ केलेले वाक्य त्याला लगेच ओळखू येते. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७१ मध्ये निधन होईपर्यंत आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधी होते; उत्तम वक्तृत्वाला दाद देणारा असा हा मुलूख आहे. आपण तिथे निवेदिकेचा सूर लावू नये. घरी ज्या बोलीत बोलता तीत बोलावे, आणि ती मालवणी असेल तर मालवणीतच बोलावे. मी प्रमाण मराठीत बोलत राहिलो आणि “बातम्या वाचता” असा शेरा मिळवला.

आता कामाच्या प्रश्नाकडे येतो. आकाशवाणीचा नियमित कर्मचारी असेल तर प्रश्नच उरत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचव्या नियमानुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाशी संबंध ठेवता येत नाही आणि विधिमंडळाच्याच नव्हे तर स्थानिक संस्थेच्या निवडणुकीतही भाग घेता येत नाही. आपण नैमित्तिक आहात, महिन्याला सहापर्यंत ड्यूट्या प्रत्येक वेळच्या करारावर मिळतात, आणि आपण त्या अर्थाने कर्मचारी नाही. तरीही केवळ या तांत्रिक मुद्द्यावर विसंबू नका. उमेदवारी निश्चित झाल्याच्या दिवशीच केंद्राला लेखी कळवा, पुढील ड्यूट्या देऊ नयेत अशी विनंती करा, आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. आधी ध्वनिमुद्रित झालेले आपल्या आवाजातील काही कार्यक्रम प्रसारित व्हायचे असतील तर त्यांची यादीही त्याच पत्रात द्या. मी हे पत्र २०११ मध्ये दिले, २००६ मध्ये दिले नव्हते. पहिल्या वेळी अर्ज भरल्यानंतर माझ्या आवाजातील एक जुना कार्यक्रम लागला आणि प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली. तक्रारीचे पुढे काही झाले नाही, पण प्रचाराचे चार दिवस खुलासे करण्यात गेले. करारपत्रावरील अटी स्वतः वाचा. कोणी ‘काही होत नाही’ म्हणाले तर तेही लेखी मागा.

चॅनेलचा प्रश्न अधिक नाजूक आहे. नगरपंचायतीला लागू असलेला १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम असे सांगतो की संस्थेच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. आपल्या चॅनेलवर नगरपंचायतीची स्वच्छतेची, करवसुलीची किंवा महोत्सवाची जाहिरात पैसे घेऊन लागत असेल, तर तो व्यवहार अर्ज भरण्यापूर्वी पूर्णपणे बंद करा, येणे बाकी असेल तर ते मिटवा, आणि निवडून आल्यावर एक रुपयाही त्या बाजूने घेऊ नका. चॅनेल पतीच्या किंवा भावाच्या नावावर करणे हा उपाय सुचवला जाईल. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कायद्यात आहे तो अशा उपायांसाठीच. प्रचारकाळात त्याच चॅनेलवरून स्वतःचा प्रचार केलात तर तो निवडणूक खर्चात दाखवण्याची तयारी ठेवा. खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत सादर करावा लागतो, आणि तो न दिल्याने निवडून आलेले सदस्य अपात्र झाल्याची उदाहरणे आहेत. हरलेल्यांनाही तो द्यावा लागतो, हे अनेकांना हरल्यानंतर कळते.

कायद्यापेक्षा मला चॅनेलची भीती वाटते ती वेगळ्या कारणाने, आणि त्यासाठी २०१६ चा माझा पराभव सांगावा लागेल. त्या वर्षी नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून झाली, प्रभाग दोन सदस्यांचे झाले आणि माझ्या जुन्या प्रभागाला नवा भाग जोडला गेला, ही सर्वांना दिसणारी कारणे झाली. न दिसणारे कारण माझ्या मोबाइलमध्ये होते. मुदतीच्या शेवटच्या दीड वर्षात मी रोज सकाळी प्रभागातील व्हॉट्सॲप गटांवर दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवू लागलो होतो: आज पाणी किती वाजता, कोणत्या रस्त्याचे काम, कोणता दाखला कोठे मिळतो. संदेश उत्तम होत असत; मी ते दोनदा मुद्रित करून चांगला तेवढा पाठवीत असे. लोक कौतुक करीत, पुढे पाठवीत, आणि हळूहळू माझ्या घरी यायचे थांबले, कारण त्यांना जे कळायला हवे ते कळत होते असे त्यांना आणि मलाही वाटत होते. माझी तक्रारींची वही त्या दीड वर्षात सात पानेच भरली. त्याआधीच्या तेवढ्याच काळात दोन वह्या संपल्या होत्या. मी तक्रारी कमी झाल्याचा आनंद मानला. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या दारी जात होत्या, आणि ते दार २००६ मध्ये मला हरवणाऱ्या माणसाच्या पुतण्याचे होते.

म्हणून चॅनेल चालू ठेवायचेच असेल तर त्यावर नगरपंचायतीच्या बातम्या आपण स्वतः देऊ नका. सभेत जे घडले त्याच्या वृत्तनिवेदिका आणि त्यातील सहभागी सदस्या या दोन्ही भूमिका एकाच तोंडी शोभत नाहीत, आणि सहकारी सदस्य आपल्यासमोर मोकळेपणाने बोलणे बंद करतील ते वेगळेच. पाककृती, जत्रा, दशावतार, पर्यटन यांवर ते खुशाल चालवावे. हवामानाचे इशारे हा एकमेव अपवाद मी करीन. तीन नंबरचा बावटा लागला की तो जितक्या तोंडांनी सांगितला जाईल तितका बरा.

उमेदवारीच्या इतर अटी आपल्याला पक्षाचे लोक सांगतीलच: एकवीस वर्षे पूर्ण, नगरपंचायतीच्या मतदार यादीत नाव, दोनपेक्षा अधिक अपत्ये नसणे, शौचालयाचा दाखला, थकबाकी नसणे, राखीव जागा असल्यास जातवैधता. पक्षाच्या चिन्हावर निवडून आल्यावर १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम लागू होतो, आणि पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाते, हे सही करण्यापूर्वी समजून घ्या. आपल्या नगरपंचायतीची मागील निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत घ्यावी लागली, कारण इतर मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता आणि त्या जागा मागे ठेवून नंतर खुल्या म्हणून लढवल्या गेल्या. त्यामुळे आपल्या प्रभागाचे आज जे आरक्षण आहे तेच पुढे राहील असे धरून काम सुरू करू नका. सोडत निघेपर्यंत दोन-तीन प्रभागांतील माणसांशी संबंध ठेवा. पन्नास टक्के जागा महिलांसाठी राखीव असल्याने संधी मिळेल, पण ती याच प्रभागात मिळेल असे नाही.

एक शेवटची बाब, जी आपल्या पत्राच्या खालच्या सहीवरून लक्षात आली. आपण आकाशवाणीवर माहेरच्या नावाने निवेदन करता आणि चॅनेलही त्याच नावाने आहे. मतदार यादीत मात्र आपले नाव सासरचे असणार. मतदान यंत्रावर जे नाव येईल ते यादीतील आणि अर्जातील नावावर ठरेल, आणि ज्या श्रोत्यांनी आपला आवाज ऐकून मत द्यायचे ठरवले असेल त्यांना यंत्रासमोर ते नाव अनोळखी वाटेल. निवडणूक कार्यक्रम जाहीर होण्याआधीच मतदार यादीतील नोंद पाहून घ्या, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा, आणि अर्जातील नावाचा रकाना भरण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना भेटून यंत्रावर नाव कसे छापले जाईल हे विचारून घ्या.